तपासलं तेव्हा ठीक

रेल्वेच्या सिग्नल खात्यात एक शेरा आहे, आरडब्ल्यूटी. राइट व्हेन टेस्टेड. सिग्नल बिघडल्याचा निरोप येतो, माणूस हातातलं जेवण टाकून धावतो, मीटर लावतो, आणि सगळं जिथल्या तिथे. मग रजिस्टरमध्ये ही तीन अक्षरं लिहायची आणि घरी यायचं. अण्णा दौंडला सिग्नल मेंटेनर होते. 2006 साली निवृत्त झाले, पण या शेऱ्याचं नाव काढलं की अजून त्यांच्या कपाळावर आठी चढते. "ठीक होतं म्हणे! मग गाडी काय हौसेने थांबली होती?"

हे सगळं पुन्हा घरात आलं ते माझ्या लेकीच्या कॉम्प्युटरमुळे.

आम्ही शिरूरला राहतो. लेक ॲनिमेशन शिकते. घरातला जुना डेस्कटॉप तिच्या कामाला पुरेना, आणि तयार मशीनच्या किमती मला पेलेनात. तेव्हा तिने सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचं ठरवलं. दोन महिने एकेक खोकं येत होतं. आज मदरबोर्ड, पुढच्या आठवड्यात प्रोसेसर, मग रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, एसएमपीएस, शेवटी ग्राफिक्स कार्ड. खोकी दिवाणाखाली रचून ठेवली होती. लग्नघरातल्या भांड्यांसारखी, कुणी वापरायची नाहीत पण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

आमच्या शेजारचा एक मुलगा रांजणगाव एमआयडीसीत सर्किट बोर्डच्या लाइनवर शिफ्ट करतो. रांजणगाव म्हणजे बाहेरच्यांना महागणपती. शिरूरकरांना मात्र ते सकाळी सव्वासहाला कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या कंपनीच्या बसचं नाव आहे. 2022 च्या ऑक्टोबरअखेरीस तिथल्या टप्पा तीनमध्ये जवळपास 297 एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हापासून गल्लीतल्या निम्म्या पोरांना सोल्डरिंगचं स्वप्न पडतं. तर या मुलाने जोडणीच्या दिवशी येऊन आधी जमिनीवरची नायलॉनची सतरंजी उचलायला लावली, लेकीच्या मनगटाला पट्टा बांधला आणि त्याची क्लिप कॅबिनेटच्या पत्र्याला लावली. अंगातली स्थिर वीज बोर्डात जाऊ नये म्हणून. पट्टा बांधताना म्हणाला, "काका, एकेक पार्ट कंपनीत तपासलेलाच असतो. पण यांची एकमेकांशी पहिली ओळख तुमच्याच घरात होणार आहे."

मला ते वाक्य फार आवडलं. त्यात पुढे काय काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कळलं नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले, रंगीत दिवे लागले, आणि पडदा काळा. दहा सेकंद वाट पाहिली, बंद केलं. पुन्हा चालू, पुन्हा काळा. मग लक्षात आलं की पडद्याची केबल मदरबोर्डच्या खोबणीत खोचली होती. प्रोसेसर मात्र स्वतः चित्र न दाखवणाऱ्या जातीचा, चित्र यायचं ते ग्राफिक्स कार्डातूनच. केबल हलवली. तरी काळाच. बोर्डाच्या कडेला चार चिमुकले दिवे असतात, त्यातला 'डीरॅम' लिहिलेल्या अक्षरांशेजारचा पिवळा दिवा तेवत होता. लेकीने रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. एका टोकाला कडी, दुसरं टोक नुसतंच खाचेत. अंगठ्याने दाबताना बोर्ड किंचित वाकतो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. टक् असा आवाज झाला. चालू केलं, पुन्हा काळोख. तेवढ्यात बायकोने आतून तिसरी हाक मारली, तेव्हा मशीन तसंच चालू ठेवून आम्ही जेवायला गेलो. आमटीभात संपवून येतो तर पडद्यावर कंपनीचं चिन्ह झळकत होतं.

नंतर कळलं ते असं. या नव्या पिढीची रॅम पहिल्यांदा बोर्डाशी जुळते तेव्हा बोर्ड प्रत्येक पट्टीचा कानोसा घेत बसतो. किती वेगाने बोलायचं, संदेश किती अंतराने वाचायचा, याची जुळवाजुळव चालते. त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पडदा मुकाच राहतो. आम्ही दर दहा सेकंदांनी त्याचा गळा दाबत होतो.

दौंडला फोन करून अण्णांना हे रंगवून सांगितलं. ते हसले नाहीत. "रॅम दाबल्याने झालं की थांबल्याने?"

"ते कसं कळणार?"

"म्हणजे दोन गोष्टी एकदम केल्या तुम्ही. आता जन्मात कळणार नाही."

त्यांच्या खात्यात उपकरणाला हात लावण्याआधी स्टेशन मास्तरला डिसकनेक्शन मेमो द्यावा लागायचा. अमुक पॉइंट, अमुक सिग्नल मी कामासाठी तोडतो आहे. काम झालं की जोडल्याचा मेमो. मधल्या काळात काय तोडलंय ते कागदावर, मनात नाही. एका वेळी एकच गोष्ट सोडवायची, तपासायची, परत जोडायची. माझ्या लहानपणी घरातला रेडिओ बिघडला तरी ते आधी पाटी-पेन्सिल मागवायचे.

तिसऱ्या दिवशी खरं दुखणं सुरू झालं. संध्याकाळी लेकीचं रेंडरिंग चालू होतं आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. निळा पडदा नाही, कसली सूचना नाही. विंडोजच्या नोंदवहीत पाहिलं तर 'कर्नल-पॉवर 41' अशी एक ओळ होती. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता गेलं. घरातून न सांगता निघून गेलेल्या माणसाची पोलिसांत जशी नोंद होते तशी. गेला, एवढं खरं. का गेला, ते नाही.

त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी हेच. तेव्हा मी काय केलं ते सांगायला जरा लाज वाटते. मी लेकीला म्हणालो, "तुझ्याकडून काहीतरी सैल राहिलंय." तिने सगळं उघडून पुन्हा जोडलं. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली. रात्रभर रॅमची चाचणी लावली, एकही चूक नाही. तापमान पाहिलं, ठीक. शहरातल्या एका दुकानदाराने फोनवरच निदान केलं, "एसएमपीएस गेलाय, बदला." त्याने मशीन पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

जुनं यंत्र बिघडलं की विचारायला एक प्रश्न तरी असतो. कालपर्यंत चालत होतं ना, मग आज काय बदललं? नव्या यंत्राला काल नसतो. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी उभं राहत नाही, आणि घरातलं बाकी सगळं जुनं, पारखलेलं, म्हणून त्याच्याकडे कुणाची नजर जात नाही. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, पायगुण.

दिवाळीला दौंडला जायचं होतं. लेकीने हट्टाने कॅबिनेट बरोबर घेतलं. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, वर पट्टा लावून. न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस करत पोचलो. प्रत्येक खड्ड्याला ती मागे वळून बघत होती. अण्णांचं घर गोपाळवाडी रस्त्याला आहे. रात्री मालगाड्यांचे धक्के ऐकू येतात. पुण्याकडून येऊन मनमाडकडे वळणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, ही या गावाची जुनी रीत. आता कॉर्ड लाइनमुळे काही गाड्यांना त्याची गरज उरली नाही. पण अण्णा अजून कुठलीही वस्तू तपासताना ती आधी उलटी धरतात.

तिथे मशीन चार दिवस चाललं. दिवसभर, रात्रभर. लेकीने मुद्दाम जड रेंडरिंग लावून ठेवलं होतं. फटाके वाजले, पाहुणे आले, आकाशकंदील फिसकटला, पण कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

"आरडब्ल्यूटी," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फराळाच्या ताटाकडे वळलो. मग नातीला म्हणाले, "पोरी, यंत्र तेच. मग तिथे आहे आणि इथे नाही असं काय? किंवा इथे आहे आणि तिथे नाही?"

त्यांनी तिला परसात नेलं. तुळशीमागे जमिनीत एक लोखंडी पाइप पुरलेला आहे, भोवती कोळसा आणि मीठ. घराचं अर्थिंग. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा खड्डा स्वतः उभं राहून खणून घेतला. उन्हाळ्यात आई तुळशीला पाणी घालते आणि अण्णा या पाइपाला. दोघांची निष्ठा सारखीच. "तुमच्या घरी हे आहे का?" त्यांनी विचारलं.

नव्हतं. शिरूरला परत आल्यावर टेस्टर घेऊन पाहिलं. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक नावालाच, त्याला मागे वायरच नव्हती. कॅबिनेटच्या मागच्या एका स्क्रूला टेस्टर टेकवला तर आतला नारिंगी दिवा मंद पेटला. हाताच्या मागच्या बाजूने पत्रा हलकेच चाचपला तर मुंग्या चालल्यासारखी झिणझिण. एसएमपीएसमध्ये विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्यापर्यंत एकेक छोटा कपॅसिटर असतो. जमिनीची वाट मिळाली नाही की पत्रा अधांतरी राहतो, 230 च्या साधारण निम्म्यावर. प्रवाह इतका कमी की धोका असा नाही, पण चांगलं लक्षणही नाही. आम्हाला वाटलं, सापडलं! आठवड्याभरात खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकला, घरभर तिसरी वायर फिरवली. टेस्टर विझला, झिणझिण गेली. शेजारपाजारच्या दोघांनी येऊन आमचं अर्थिंग पाहिलं आणि आपल्याही घरी करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात चाळीसला मशीन पुन्हा बंद.

त्या रात्री मी खरोखर खचलो होतो. दोष सापडला होता, खरा होता, दूर केला होता. फक्त तो आपला दोष नव्हता. वैद्याकडे पाय दुखतो म्हणून जावं आणि दात काढून यावं, तसं.

फोनवर अण्णांनी एकच सांगितलं, "फेल्युअर रजिस्टर ठेव." लेकीने शंभर पानी वही घेतली. तारीख, वेळ, मशीनवर काय चाललं होतं, घरात काय चाललं होतं. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. सगळ्या संध्याकाळी सात ते नऊच्या मधल्या. सगळ्या रेंडरिंग चालू असताना. नुसतं टायपिंग किंवा सिनेमा चालू असेल तर एकही नाही. आणि तिन्ही गुरुवार कोरे. गुरुवारीही ती काम करत होती, वहीत तसं लिहिलेलं होतं.

"गुरुवारी काय बंद असतं?" तिने जेवताना विचारलं. बायकोने पोळी उलटता उलटता सांगितलं, "गिरणी."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. संध्याकाळी बायका कामावरून परतताना दळण ठेवतात, तेव्हा तिचा खरा धंदा. गिरणीची मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. संध्याकाळी गल्लीतलं व्होल्टेज आधीच बसलेलं, त्यात हा हिसका. घरातला दिवा डोळा मिचकावतो. इतकी वर्षं मिचकावतोय की आम्हाला तो दिसेनासा झाला होता.

पण मग टीव्ही का बंद पडत नव्हता? आणि जुना कॉम्प्युटर याच टेबलावर वर्षानुवर्षं कसा चालला?

डिसेंबरात एका लग्नासाठी आई-अण्णा शिरूरला आले. लग्न आईच्या माहेरचं. ती अजून शिरूर म्हणत नाही, घोडनदी म्हणते. संध्याकाळी लेक रेंडरिंग लावून बसली. अण्णा जिन्याजवळच्या खुर्चीत होते, पेपर तोंडावर, मला वाटलं डुलकी लागली. बाहेर गिरणी घरघरली, दिवा मिचकावला, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. लेकीने निमूट वही उघडली.

"रिले ड्रॉप झाला," पेपरमागून अण्णा म्हणाले.

"कुठला रिले?"

त्यांनी जिन्याखाली बोट दाखवलं. तिथे आमचा इन्व्हर्टर आहे. अकरा वर्षं जुना, वर गोदरेजचं कुलूप आणि चपलांची पिशवी. लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेला. मुलीच्या दहावीच्या अभ्यासाला त्याने उजेड दिला, म्हणून घरात त्याचा मान. त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अण्णांनी मात्र जवळजवळ चाळीस वर्षं रिले रूममध्ये कान टाकून काढली होती. शेकडो रिलेंच्या टकटकीतून एक चुकार टक् ओळखायची, ही त्यांची नोकरी. रेल्वेचा सिग्नल कायम करंटच्या आधाराने उभा असतो. रुळातून वाहणारा करंट रिलेला उचलून धरतो. तार तुटली, बॅटरी उतरली, रुळावर गाडी आली, काहीही झालं तरी रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. 1872 साली विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने ही युक्ती काढली. बिघडायचंच तर लाल होऊन बिघड, असं तिचं तत्त्व.

पुढच्या संध्याकाळी अण्णांनी नातीला मेमो लिहायला लावला. "इन्व्हर्टर डिसकनेक्ट, कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटवर. बाकी काहीही हलवायचं नाही." गिरणी सुरू झाली, दिवा मिचकावला. आम्ही चौघं पडद्याकडे बघत उभे. रेंडरिंगची हिरवी पट्टी शांतपणे सरकत राहिली. तीन संध्याकाळी तसंच. चौथ्या दिवशी पुन्हा इन्व्हर्टरवर जोडलं, सात वाजून बावीस मिनिटांनी मशीन गेलं. मला मनापासून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एखादी गोष्ट बिघडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मग कोडं उलगडलं. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की इन्व्हर्टर घर बॅटरीवर घेतो आणि सावरलं की परत लाइनवर. हे उलटसुलट करताना मध्ये एक फट पडते. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, म्हणजे एक हेलकावा 20 मिलीसेकंदांचा. कॉम्प्युटरचा एसएमपीएस पूर्ण भारावर असताना साधारण 16-17 मिलीसेकंदच दम धरू शकतो, एक हेलकावासुद्धा पुरता नाही. भार कमी असेल तर साठवलेली वीज जास्त वेळ पुरते. म्हणून टायपिंग तगत होतं आणि रेंडरिंग मरत होतं. त्यात आमचा इन्व्हर्टर जुन्या तऱ्हेचा, बॅटरीवरून देतो ती वीज गोल लाटेची नाही, चौकोनी पायरीची. नव्या एसएमपीएसना तीही पुष्कळदा मानवत नाही. यातलं नेमकं कशाने होत होतं हे सांगायला ऑसिलोस्कोप लागला असता, आणि तो माझ्या पगारात बसत नाही.

शिवाय एसएमपीएसला स्वतःचाही एक सिग्नलमन असतो, हे मला तेव्हाच कळलं. वीज नीट स्थिर झाली की तो बोर्डाला एका तारेवरून 'सगळं ठीक' असा इशारा देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर एकही पाऊल टाकत नाही, आणि वीज ढासळू लागली की इशारा काढून घेतला जातो. म्हणजे इतके दिवस मशीन बिघडत नव्हतं, लाल होऊन थांबत होतं. लेकीने हे समजावून सांगितल्यावर अण्णा बराच वेळ त्या कॅबिनेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं पोरगं आहे."

लेकीने त्यांना आणखी एक किस्सा सांगितला. 1947 साली हार्वर्डच्या मार्क टू या कॉम्प्युटरच्या एका रिलेत पतंग अडकला होता, तो काढून तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. "पतंग?" अण्णा म्हणाले. "आमच्या लोकेशन बॉक्समध्ये पाली असायच्या. आम्ही कुठे चिकटवत बसलो?"

आई हे सगळं ऐकत गवार मोडत होती. ती 1972 च्या उन्हाळ्यात लग्न होऊन घोडनदीहून दौंडला आली. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. महाराष्ट्राने पाहिलेल्या मोठ्या दुष्काळांतला तो एक. माणसं रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होती, पोरांना सुकडी मिळत होती, ताटात लाल मिलोची भाकरी. आजीने तो सगळा दुष्काळ नव्या सुनेच्या पायगुणावर मांडला होता. हे मी लहानपणापासून चेष्टेत ऐकत आलो होतो. अण्णांचं मेंटेनरचं प्रमोशन लांबलं तेही त्याच खात्यावर.

"पुढल्या साली चांगला पाऊस झाला," आई म्हणाली. "विहिरी भरल्या. तेव्हा कुणी माझं नाव काढलं नाही."

अण्णा पेपरची घडी घालत होते. त्यांनी ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

बाहेर गिरणीची घरघर बंद झाली. आई गवारीची परात बाजूला सारून उठली, खुंटीवरची पिशवी काढली आणि लेकीला म्हणाली, "चल गं, झालं असेल दळण. परत कुणाचं सुरू व्हायच्या आत घेऊन येऊ."